थोरले साडू पाण्यात पडले तेव्हा

मी बोटीवरची लाइफ रिंग बोलतेय. दचकू नका. कठड्याला टांगलेलं ते नारिंगी कडं, ज्यावर तुम्ही खुशाल ओला टॉवेल वाळत घालता, तीच मी.

माझा जन्म कारखान्यात झाला. साच्यातून काढून मला हौदात टाकलं, वरून दाबलं, आणि तपासनीस म्हणाला, "ही काही बुडायची नाही." जन्मतःच एवढा विश्वास माणसांच्या पोरांनाही मिळत नाही. मग बेटावर माणसांची ने-आण करणाऱ्या एका बोटीवर माझी नेमणूक झाली. जागा मोक्याची, रंग उठावदार, काम शून्य. थोडक्यात, साहेबाची नोकरी.

बडदास्त तर विचारू नका. कोणी चोरू नये म्हणून मला गाठींवर गाठी मारून आवळलं. बुडणाऱ्याने गाठी सुटेपर्यंत दम धरावा, एवढीच अपेक्षा. माणसाला ओढून घ्यायला माझ्यासोबत एक लांब दोरी होती. ती बोटीवरच्या स्वयंपाक्याने कापून नेली आणि तिच्यावर आपली फडकी वाळत घातली. "आपल्या बोटीवरून कोण पडतंय?" असं त्याचं म्हणणं. खरंच, पडणारा आधी कळवून थोडाच पडतो!

एका दुपारी दोन बहिणी आणि त्यांचे नवरे, म्हणजे दोघे साडू, बोटीवर चढले. थोरले साडू पट्टीचे पोहणारे. हे मला कसं कळलं? साऱ्या बोटीलाच कळलं होतं. धाकटे सगळ्यांच्या पिशव्या सांभाळत गप्प बसले होते.

"काय साडूबुवा, पोहता येतं का?" थोरल्यांनी विचारलं.

"आंघोळीपुरतं," धाकटे म्हणाले.

थोरले पोट धरून हसले. मग फोटोची लहर आली. त्यांनी माझ्या गाठी सोडल्या, मला हारासारखं गळ्यात घातलं. खलाशी ओरडला, तेव्हा मला गाठी न मारता तशीच खुंटीला अडकवलं आणि पाठीमागे समुद्र नीट यावा म्हणून स्वतः कठड्याच्या खालच्या दांडीवर चढले. बोटीने हेलकावा खाल्ला. फोटोत नुसता समुद्र आला.

"माणूस पडला! माणूस पडला!" ओरडले ते धाकटे. ज्यांचा आवाज तोवर शेजारच्यालाही ऐकू गेला नव्हता, ते.

खलाशाने मला उचलून भिरकावलं. गाठी असत्या तर मी अजून खुंटीवरच असते. म्हणजे गडी आगाऊपणामुळे पडला आणि आगाऊपणामुळेच वाचायची सोय झाली.

कप्तानाने खिडकीतून डोकं काढलं. "कुठे आहेत?"

धाकट्यांनी हात लांब केला. "ते तिथे!"

"तसंच दाखवत राहा! बोट वळली तरी तुमचं बोट त्यांच्यावरून हलता कामा नये!"

खालचा पंखा माणसाला लागू नये म्हणून कप्तानाने बोटीचं शेपूट दूर नेलं आणि मोठं वळण घेतलं. तोवर बाकीचे प्रवासी कामाला लागले होते. निम्मे सल्ले देत होते, निम्मे व्हिडिओ काढत होते. एका पिळदार तरुणाने उडी मारायला शर्ट काढला, त्याची घडी घातली, आणि कोणीतरी आपल्याला अडवेल म्हणून वाट पाहत उभा राहिला.

इकडे पट्टीच्या पोहणाऱ्याच्या नाकातोंडात पाणी गेलं होतं. मला हात लागताच त्यांनी अशी मिठी मारली की बायकोनेही हेवा करावा. "सोडू नकोस गं," ते मला म्हणाले. धरलं कोणी होतं ते तुम्हीच बघा. लाट आली की बोट दिसेनाशी व्हायची, लाट उतरली की दिसायची. दर वेळी कठड्यावर तो एक हात उभा असायचा.

"साडूच आहेत," ते पुटपुटले. "बघतायत. बघतायत अजून." आणि रडले. समुद्राचं पाणी मुळातच खारट, त्यामुळे अब्रू वाचली.

शेवटी बोट आमच्याजवळ आली. शिडी सोडली, खलाशाने काखेत हात घालून त्यांना वर घेतलं. मी खाली बोटीच्या कुशीला धडका देत होते, पण वरचं दिसत होतं. धाकट्यांचा हात अजून समुद्राकडेच होता. थोरल्या बहिणीने तो दोन्ही हातांनी धरला. "खाली घ्या आता. आले ते," ती म्हणाली आणि तो हात तिने कपाळाला लावला.

थोरले घोंगडीत कुडकुडत होते. "पाणी जरा गार होतं, नाहीतर मी पोहतच आलो असतो," त्यांनी जाहीर केलं. मग साडूंचा आखडलेला खांदा चोळायला घेतला. "व्यायाम करत जा हो जरा," म्हणाले. पण चोळणं थांबवलं नाही.

या आनंदात बोट निघून गेली. मी पाण्यातच होते. माझ्याकडे बोट दाखवायला कोणी नव्हतं. असो.

पुढे एका कोळणीच्या जाळ्यात मी सापडले. हल्ली तिच्या अंगणात असते. माझ्या मधोमध तिची कोंबडी अंडी उबवते. रंग उडालाय, एका बाजूने तडा गेलाय, पण कोंबडीची तक्रार नाही.

तुम्हाला एकच सांगणं. कोणी पडलं तर आरडाओरडा करा, माझ्या बहिणींना पाण्यात फेका आणि माणसावरची नजर काढू नका. आम्ही परत नाही आलो तरी चालेल. माणूस आणा.