सगळ्या ओळी थोरल्याच्या नावावर

थोरल्यानं टेबलाचा खण रिकामा करायला घेतला, तेव्हा कुठे बाकी दोघांना कळलं की गडी खरंच निघालाय. चष्म्याचं घर, दोन चार्जर, कान तुटलेला कप. अठरा वर्षांचा संसार, एका पिशवीत मावला.

कचेरी म्हणजे दोन खोल्या. थोरला, त्याचा धाकटा भाऊ आणि थोरल्याची बायको, तिघं मिळून बेकरीच्या भट्ट्या चालवणारं सॉफ्टवेअर लिहायची. थोरल्याचं मशीन विंडोजवर चालणारं, धाकट्याचं लिनक्सवर, आणि काम सगळं एका सामाईक रिपॉझिटरीत, म्हणजे कोडच्या कोठारात. तिथं प्रत्येक ओळीपुढे शेवटचा हात कोणी लावला त्याचं नाव दिसतं. अन् गेला महिनाभर धाकट्याच्या ओळींपुढे थोरल्याचं नाव येत होतं. एखाददुसरी ओळ असती तर गोष्ट वेगळी. इथं अख्ख्या फाइली.

सकाळी धाकट्यानं तोंडावर विचारलं, "दादा, माझं काम पुसून स्वतःच्या नावावर करतोस का?"

थोरल्याच्या ते जिव्हारी लागलं. याला त्यानंच मांडीवर बसवून कीबोर्ड शिकवला होता. तो उठला आणि त्यानं खण उघडला.

"अहो, ती पिशवी ठेवा खाली," बायको म्हणाली. तपासणीचं काम तिच्याकडे. "काल काय बदललंत?"

"एक आकडा. भट्टी दोनशे वीसवर जात होती, दोनशे दहा केली."

"आणि इथं चार हजार ओळी बदललेल्या दिसतात. भाऊजी, इकडे या. फुगून बसायचं ते नंतर."

धाकटा आला, हाताची घडी घालून. तिनं एकच ओळ, कालची आणि आजची, एकाखाली एक ठेवली. अक्षर न् अक्षर तेच. मग तिनं न दिसणाऱ्या खुणा दाखवायचं बटण दाबलं. आजच्या ओळीच्या शेवटी दोन खुणा, कालच्या शेवटी एक.

धाकट्याची घडी सुटली. "ओळ संपली की माझं मशीन एक खूण ठेवतं, दादाचं दोन. त्यानं फाइल सेव्ह केली की सगळ्या ओळींचे शेवट बदलतात, आणि नाव त्याचं चढतं. पण आधी असं होत नव्हतं. दादा, कोड लिहायचा नवीन एडिटर कधी घेतलास?"

"मी कुठला घेतोय? तूच बसवून दिलास गेल्या महिन्यात. माझे डोळे दुखतात म्हणून."

वहिनी गालात हसत होती.

इलाज सोपा होता. रिपॉझिटरीत नियमाची एक फाइल टाकायची, शेवटी खूण एकच, मशीन कोणाचंही असो. मग सगळ्या फाइली एकदाच सारख्या करायच्या. पण जो करील त्याचं नाव प्रत्येक ओळीवर चढणार.

"मी नाही करत," धाकटा म्हणाला. "तुझी अठरा वर्षं माझ्या नावावर दिसतील."

"दिसू देत. आपल्याला माहीत आहे ना कोणाचं काय ते."

धाकटा बसला. काम झाल्यावर त्यानं खाली टीप लिहिली: ओळींचे फक्त शेवट सारखे केले. कोणी काय लिहिलं ते याच्या आधीच्या नोंदीत बघावं. बरंचसं दादाचं आहे.

थोरल्यानं मागं उभं राहून वाचलं. "बरंचसं काय? निम्मं तुझं आहे. नीट लिही."

धाकट्यानं खोडलं, 'दोघांचं' लिहिलं आणि पाठवलं.

"आता माझ्या मशीनवर ये," थोरला खुर्ची ओढत म्हणाला. "हे तिथं कसं उतरवून घ्यायचं ते दाखव. आणि हळू. मागच्या वेळी भराभर बटणं दाबून पळालास."