सोइलाने ओढलेली रेघ

मित्रांनो, मी एक जुना पर आहे. पाखराचा नव्हे आणि माशाचाही नव्हे. लाटेवर उभे राहून सरकायची जी फळी असते, तिच्या पोटाला मागच्या बाजूला बसवलेला असतो, तो मी. फळी सगळ्यांना दिसते, तिच्यावरचे माणूस दिसते आणि टाळ्याही त्यांनाच मिळतात. मी आपला पाण्याखाली. पण फळीने सरळ धावायचे की चटकन वळायचे, हे बरेचसे माझ्या आकारावर ठरते.

माझा जन्म पेरू देशातल्या वांचाकोच्या किनाऱ्यावर झाला. अल्गारोबोच्या फांदीतून मला काढले. तुमच्या शमीच्याच कुळातले हे काटेरी, चिवट झाड. मला घडवणारा एवारिस्तो हा तिथला कोळी. त्याच्या मुलीला, सोइलाला, कुणा प्रवाशाने जाताना आपली जुनी फळी देऊन टाकली होती. तिचा पर मोडला होता. सोइलाने ती डोक्यावरून घरी आणली आणि बापापुढे ठेवली.

आता एवारिस्तोला पराचे काय ठाऊक! तो लव्हाळ्याच्या होडीवर मांड ठोकून मासे धरणारा. या होडीला आमच्याकडे घोडाच म्हणतात. घोड्याला पर नसतो. बांबू उभा चिरून केलेले वल्हे, तेच त्याचे सुकाणू. वल्हे जितके रुंद तितकी पाण्यावर पकड, हे एवारिस्तो जन्मभर शिकला होता. म्हणून त्याने मला उंच केले, बुडाशी चांगले रुंद ठेवले आणि राळ लावून फळीला पक्के बसवले. मग माझ्यावरून हात फिरवत म्हणाला, "आता ही फळी माझ्या पोरीला भलतीकडे नेणार नाही."

शेजारची मासेवाली देल्फिना कुंपणावरून बघत होती. "काय रे एवारिस्तो, पर लावलास की नांगर?"

"तुला काय कळतंय त्यातलं? तू आपले मासे वीक."

सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. सोइला नवशिकी होती आणि मी तिला डुगडुगू दिले नाही. रुंद बुडामुळे फळी सरळ पळे, उंचीमुळे ती लाटेवरून घसरत नसे. पण सोइलाचे पाय तयार झाले आणि माझा तोच गुण तिला जाचू लागला.

"बाबा, हा पाणी सोडतच नाही हो. लाट मागं फुटत राहते आणि मी सरळ पुढं निघून जाते. मला वळून परत लाटेकडं यायचंय."

"पुढच्या वेळी बघू," एवारिस्तो म्हणाला.

या 'पुढच्या वेळी'त त्याची काही लबाडी नव्हती. लव्हाळ्याचा घोडा महिना-दीड महिन्यात पाणी पिऊन जड होतो. मग तो टाकायचा आणि नवा बांधायचा. जुन्यात जी चूक झाली असेल ती जुन्याबरोबर जाते. एवारिस्तोने आयुष्यात कधी काही दुरुस्त केलेच नव्हते, तो नवे बांधत आला होता. मी मात्र अल्गारोबोचा. महिन्याने काय, वर्षानेही मी तसाच राहिलो.

शेवटी सोइलाने मासे धरायचा गळ घेतला आणि माझ्या अंगावर एक वाकडी रेघ ओढली. "इथपर्यंत उंची कमी करा. आणि मागून, बुडाशी, असं आत कोरा. मग पायानं नुसतं सुचवलं तरी वळेल."

"कोरलं की पकड गेली. पडशील."

"पडले तर उठेन की! मी पडेन याची नाही, मी जाईन याची भीती आहे तुम्हाला."

एवारिस्तोने भाजलेल्या मक्याची वाटी तिच्याकडे सरकवली. तिने ती घेतली नाही.

काही दिवसांनी ती वर उत्तरेला, मांकोराच्या किनाऱ्यावर गेली. तिथे पाहुण्यांना लाटेवर उभे राहायला शिकवायचे काम होते आणि काम देणाऱ्यांकडे तीन-तीन छोट्या परांच्या फळ्या होत्या. आमची फळी अंगणात पालथी पडली. माझ्यावर कोंबड्या बसू लागल्या. मित्रांनो, समुद्राचे ऐकणारा मी, दिवसभर कोंबड्यांचे ऐकत होतो. मला फार एकटे वाटे.

पुढे एका धुक्याच्या थंडीत एवारिस्तोची छाती भरली आणि त्याचे समुद्रावर जाणे बंद झाले. एका सकाळी तो कानस घेऊन माझ्यापाशी बसला. सोइलाची रेघ त्याने बोटाने शोधली आणि घासायला लागला. थोडे घासायचा, खोकायचा, पुन्हा घासायचा.

"आता कशाला? पोरगी तर गेली," देल्फिना म्हणाली.

"सान पेद्रोच्या, आपल्या कोळ्यांच्या सणाला येईल ना."

"मग फोन करून सांग की तिला, पर कोरला म्हणून."

"छे! सांगायचं नाही. पाण्यात उतरली की तिच्या पायालाच कळू दे. तोंड बघण्यासारखं होईल तिचं."

रेघेपर्यंत माझी उंची उतरली, मागची बाजू आत कोरली गेली आणि नवी राळ चढली. त्या रविवारी देल्फिनाच्या फोनवर तो लेकीशी बोलला तेव्हा मी शेजारीच होतो.

"सणाला येतेस ना?"

"पाहुण्यांची गर्दी आहे हो, बाबा. पुढच्या वेळी नक्की."

"बरं, बरं," तो म्हणाला. फोन ठेवल्यावर बराच वेळ त्याचा हात माझ्यावर होता.

सण झाला आणि थोड्याच दिवसांत एवारिस्तो गेला. सोइला आली ती त्याला पोचवायला. दुसऱ्या दिवशी त्याच्या सोबत्यांनी त्याचा शेवटचा घोडा लाटांपलीकडे नेऊन सोडला. सोइला आमची फळी घेऊन त्यांच्याबरोबर गेली. तिने मला पाहिलेही नव्हते.

परतताना तिने लाट धरली. मी हट्टी आहे हे तिच्या पायाला आठवत होते, म्हणून तिने जुन्या सवयीने मागच्या पायावर सगळा भार टाकला. मी गर्रकन वळलो आणि ती पाण्यात पडली.

वर येऊन तिने फळी उलटी केली. मला पाहिले. तिने ओढलेली रेघ आता माझी कड झाली होती. ती कडेवरून बोट फिरवत राहिली आणि तिला एकदम हुंदका फुटला. "सांगायचं तरी ना, बाबा!"

मग तिने आणखी एक लाट घेतली. या वेळी पाय हलका ठेवला. मी तिला अलगद वळवून लाटेकडे परत आणले, अगदी तिला हवे होते तसे. तिने किनाऱ्याकडे पाहिले. वाळूत घोडे उभे करून वाळत ठेवले होते. बघायला कुणी नव्हते.

मित्रांनो, समुद्रातून आल्यावर आम्हाला गोड्या पाण्याने धुवा, उन्हात टाकू नका, हे तुम्हाला कुणीही सांगेल. माझे मागणे निराळे आहे. कुणासाठी काही करून ठेवले असेल, तर गंमत म्हणून दडवू नका, त्याला लगेच सांगा. आणि कुणी तुम्हाला "येतेस ना?" असे विचारले, तर जा.