चेहरा म्हणजे पास नव्हे

आमच्या घरात शिरणं सोपं नाही. बेल वाजवली की बाबा दार उघडून आडवे उभे राहतात आणि म्हणतात, "पास?" काहीतरी दाखवल्याशिवाय हलायचे नाहीत. मी लायब्ररीचं कार्ड दाखवते. आई भाजीची पिशवी त्यांच्या नाकासमोर धरते. "हा पास. आणि बाजूला व्हा, नाहीतर चहा विसरा."

बाबा अणुवीज केंद्राच्या दोन नंबरच्या फाटकावर बावीस वर्षं पहाऱ्याला होते, म्हणून हे सगळं. त्यांचं एक वाक्य मला बाराखडीच्या आधीपासून पाठ आहे: चेहरा म्हणजे पास नव्हे.

खरं तर ते वाक्य वस्तादकाकांचं. फाटक कसं राखायचं ते बाबांना त्यांनीच शिकवलं. पास हातात घ्यायचा, दोन्ही बाजू बघायच्या, फोटो आणि तोंड ताडून पाहायचं. समोर साक्षात डायरेक्टर असला तरी. दोघं पंधरा वर्षं एकाच फाटकावर होते, एकाच डब्यात जेवले. गेल्या वर्षी काका रिटायर झाले. आमच्याकडे येतात तेव्हा खिशातून बसचा जुना पास काढून ऐटीत पुढे करतात. बाबा म्हणतात, "हा तर केव्हाच मेलाय. बरं, या आत."

केंद्रात दर सहा महिन्यांनी सुरक्षेची तपासणी होते. आमच्या सहामाहीसारखीच, फक्त वेळापत्रक नसतं. बाहेरून अधिकारी येतात, कुंपण, कॅमेरे, कुलपं, नोंदवह्या बघतात आणि त्या आठवड्यात कधीतरी एखादा खोटा माणूस आत घुसवून पाहतात. कधी दुरुस्तीवाला बनवून, कधी डॉक्टर. बाबांनी आजवर असे नऊ जण पकडलेत. मी हे वर्गात दोनदा सांगितलंय. कुणी विचारलं नव्हतं.

या खेपेला मंगळवारी सकाळी, शिफ्ट बदलायच्या गर्दीत, फाटकावर वस्तादकाका आले.

"काय रे, गुडघा काय म्हणतो?"

"कुरकुरतोय," बाबा म्हणाले.

"पेन्शनच्या कागदावर सही राहिलीय. जाऊन येतो."

बाबांनी दांडा वर केला. पंधरा वर्षं रोज याच माणसासाठी वर केला होता, तसाच.

काका चार पावलं आत गेले आणि थांबले. वळले तेव्हा त्यांचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. तेव्हा बाबांना कळलं, दहावा हाच.

"मी मागे येतो," काका हळूच म्हणाले. "तू पास माग. गर्दीत कुणी पाहिलं नाहीये."

बाबांनी धोक्याची घंटा दाबली. मग वहीत स्वतःच्या हातानं लिहिलं: सात बेचाळीस, एका व्यक्तीस पास न पाहता मी आत सोडले. खाली सही.

नियम सरळ आहे. ज्यानं आत सोडलं, तो फाटकावर राहत नाही. सोमवारपासून बाबा भांडारात, पेट्या मोजायला.

"आपल्याच हातानं पायावर धोंडा," आई म्हणाली.

"उद्या कुणी खरंच वाईट मनानं येईल, तो अनोळखी तोंडानं येईल असं वाटतं तुला? आत काय आहे ते ठाऊक आहे ना?"

मी यंदा वक्तृत्वात पहिली आलेय, त्यामुळे गप्प बसणं मला जमत नाही. मोठ्या साहेबांपुढे करायचं भाषणच तयार केलं मी. बावीस वर्षांत एक चूक म्हणजे शंभरात नव्याण्णवाहूनही जास्त, वगैरे. बाबांना म्हणून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"छान बोलतेस," ते म्हणाले. "पण शाळेत नव्याण्णव म्हणजे पहिला नंबर. फाटकावर नव्याण्णव म्हणजे एक आत गेला."

मी कागद घडी करून दप्तरात ठेवला.

मंगळवारपासून आमच्या दारात कुणी पास मागत नाही. मी कार्ड हातात घेऊन उभी राहते, बाबा दार उघडतात आणि पाठ फिरवून आत जातात.

रविवारी बेल वाजली. वस्तादकाका होते. दाढी वाढलेली. मला त्यांच्यावर रागवायचं होतं, आठवडाभर तयारी केली होती, पण मी नुसती बाबांना हाक मारली.

"तपासणीवाल्यांनी मला विचारलं तेव्हा मीच छाती ठोकून म्हणालो, दोन नंबरवर पाठवा," काका बाबांना म्हणाले. "म्हटलं, मुंगी शिरायची नाही तिथून, दाखवतोच तुम्हाला. हात दाखवून अवलक्षण केलं रे मी."

काकांनी सवयीनं खिशात हात घातला आणि बसचा पास पुढे केला.

बाबांनी तो घेतला. पुढची बाजू बघितली, मागची बघितली. मग फोटो आणि काकांचं तोंड, कितीतरी वेळ.

"मुदत संपलीय," ते म्हणाले. फाटकावरच्या आवाजात. "आत सोडता येणार नाही."

काकांनी मान हलवली. पास परत घेतला, नीट खिशात ठेवला आणि खाली पायरीवर बसले.

थोड्या वेळानं बाबाही बाहेर गेले आणि गुडघा धरून त्यांच्या शेजारी बसले. दोघंही समोरच्या रस्त्याकडे बघत होते. आईनं काही न विचारता आधण वाढवलं, आणि चहा मी बाहेरच नेला.