पुष्पावतीची सही

पुणतांब्याजवळच्या एका साखर कंपनीच्या संचालक मंडळावर पुष्पावती तीन वर्षं होती, पण बैठकीची खोली तिनं कधी बघितली नव्हती. कायद्याला एक बाई हवी होती, ती कंपनीनं तिच्या नवऱ्याच्या, सुनीलरावांच्या घरातून उचलली. बैठकीला जायचे सुनीलराव, तिच्या खुर्चीत बसायचे सुनीलराव, आणि तिची सहीही तेच ठोकायचे. "तू कशाला दगदग करतेस?" म्हणायचे. तिलाही ते बरंच वाटायचं, खोटं कशाला बोला!

त्या सकाळी मात्र ती कारखान्यामागच्या कोप्यांवर, ऊसतोड मजुरांच्या पाचटाच्या झोपड्यांवर गेली. पाथर्डीकडून ऊसतोडीला आलेल्या ज्योतीला पाच महिन्यांचं लेकरू होतं, त्याला जुनी गोधडी द्यायची होती. कोपीच्या दारात ज्योतीची सासू दगडाबाई बसली होती, गुडघे गेलेली, जागची न हलणारी. आणि सगळ्यांच्या डोक्यावर मळीची टाकी, तीन मजली उंच, लोखंडी. सांध्यातून काळी चिकट मळी ठिबकत होती. पत्रा गाभण म्हशीच्या पोटासारखा फुगला होता. पुष्पावतीनं हात लावला तर चटका बसला.

"रोजचंच हाय, बाई," ज्योती म्हणाली. "आतून कन्हल्यावानी आवाज येतो. मुकादम म्हनतो, काय होत न्हाई."

पुष्पावतीनं गोधडी ज्योतीच्या हातात दिली. अकराला बैठक होती. ती तशीच निघाली.

खोलीत नऊ पुरुष, आणि 'सौ. पुष्पावती' या पाटीमागे सुनीलराव. तिला बघताच त्यांचा चहा बशीत सांडला.

"वहिनी! घरी सगळं ठीक ना?" अध्यक्ष आबासाहेबांनी विचारलं.

"मळीची टाकी फुटायला झालीय. खालच्या कोप्या आत्ताच्या आत्ता हलवा."

कुणी हसलं. सेक्रेटरी कल्याणनं रजिस्टर उघडलं. "वहिनी, टाकीचा ठराव मागच्याच बैठकीत झालाय. तपासणी झाली, धोका नाही, सर्वानुमते मंजूर. सूचक..." तो अडखळला. "सूचक तुम्हीच आहात."

धोका नाही म्हणून सांगणारी ती, आणि खाली बावीस कोप्या.

"मग माझा ठराव मी मागं घेते. माझा विरोध लिहा. आणा इकडं, मी सही करते."

शाळेतल्या वळणदार अक्षरात तिनं पूर्ण नाव लिहिलं. कल्याणनं मागची पानं चाळली. तिथं तिच्या नावाची ऐटदार, खाली रेघ ओढलेली सही अकरा वेळा होती.

"सही जुळत नाही, वहिनी. दप्तरी नमुना आहे तो वेगळा आहे."

"अहो, तुम्ही तरी सांगा!"

सुनीलराव बशीकडे बघत राहिले. "घरी बोलू," म्हणाले.

ती पळतच कोप्यांवर आली. मघाच्या थेंबांची आता धार झाली होती. "उठा गं, लेकरं घ्या, रस्त्यावर चला!" ती ओरडली.

"मुकादमाचा निरोप हाय का?" एकीनं विचारलं. "उगं जागा सोडली तर आमालाच बोलतोय त्यो."

निरोप नव्हता, कागद नव्हता, आणि सही तर तिची तिलाच चालत नव्हती. भीतीनं तिला काही सुचेना. मग तिनं झोळीतलं ज्योतीचं लेकरू उचललं आणि पळत सुटली.

"माजं लेकरू! बाईनं लेकरू नेलं!"

अख्खा तळ तिच्यामागे उठला. बाया, पोरं, कोयते घेतलेले गडी. कोयत्यांची भीती तिला टाकीइतकीच वाटत होती, पण ती थांबली नाही. डांबरी रस्त्याच्या पलीकडे ज्योतीनं तिला झिंज्या धरून पाडलं, लेकरू हिसकावलं. तेवढ्यात मागं पत्रा फाटल्याचा आवाज झाला आणि सगळे वळले. कोप्यांच्या जागी काळी, वाफाळती मळी सरकत होती.

ज्योतीनं लेकरू छातीशी धरलं, भोवतालचे चेहरे एकेक करून पाहिले.

"आत्याबाई कुठायत?"

दगडाबाईला चालता येत नाही, हे पुष्पावतीला सकाळपासून माहीत होतं.