दुपारची सोबत

मतदारसंघात तिला सगळे ताई म्हणायचे. सत्तरीचे म्हातारे म्हणायचे, विरोधी पक्षातले म्हणायचे आणि पोटची मुलगीही ताईच म्हणायची.

नवरा आमदार होता. तो अपघातात गेला तेव्हा मुलगी नुकती बसायला लागली होती. पक्षाने त्याच्या जागी हिला उभं केलं. सहानुभूतीवर एकदा निवडून येईल, मग घरी बसेल, असा पक्षातल्यांचा होरा होता. ती लागोपाठ तीनदा निवडून आली.

मुलगी वाढली ती ताईच्या थोरल्या बहिणीकडे. बहिणीला मूलबाळ नव्हतं. अधिवेशन संपलं की ताई खेळणी घेऊन जायची, आणि दारात गाडी थांबली की मुलगी मावशीच्या पाठीमागे लपायची. मावशीला ती ‘आई’ म्हणे आणि अगंतुगं करी. ताईला मात्र ‘तुम्ही’.

तेव्हा वाईट वाटून घ्यायलाही ताईला उसंत नव्हती. सरकारी दवाखान्यात बाळंतिणी व्हरांड्यात झोपत होत्या. दर अधिवेशनात ती तोच प्रश्न लावून धरायची.

“ताई उभ्या राहिल्या की मला कापरं भरतं,” मंत्री हसत म्हणायचे.

“इमारत बांधा, कापरं जाईल,” ती म्हणायची.

शेवटी इमारत झाली. पुढच्या निवडणुकीत ताई मात्र पडली.

मग घर रिकामं होत गेलं. आधी कार्यकर्ते पांगले, मग ड्रायव्हर गेला, मग फोन थंडावला. बैठकीतल्या खुर्च्या तिने तशाच ठेवल्या होत्या. रोज त्यांच्यावरून फडकं फिरवायची. एकटीपुरता चहा टाकायचा अंदाज तिला काही केल्या यायचा नाही. उरलेला ओतून द्यायची.

एका सकाळी मुलीचा फोन आला. “ताई, आई पडली. खुब्याचं हाड मोडलंय, ऑपरेशन करायचंय. माझी दुपारची ड्युटी असते. तुम्ही बसाल का तिच्यापाशी?”

“बसेन की! आणि हे बघ, आरोग्य खात्यात माझी ओळख आहे, एक फोन करते…”

“नको. सगळं ठरलंय. तुम्ही फक्त बसा.”

दवाखान्याच्या दारात रखवालदाराने अडवलं. “कोण तुम्ही?” ताईच्या ओठांवर जुनं उत्तर आलं होतं, तिने ते गिळलं. “पेशंटची बहीण.”

बहीण पडल्या पडल्या हसली. “तुझी भेट मिळवायला हाड मोडून घ्यावं लागतं होय गं?”

ऑपरेशन नीट पार पडलं. ताई रोज दुपारी जाऊन बसू लागली. एकदा वॉर्डातलं न्हाणीघर तुंबलेलं पाहून ती नर्सवर कडाडली. आवाज सभागृहातला; सगळा वॉर्ड माना वळवून बघू लागला. तेवढ्यात ड्युटी संपवून मुलगी आली.

“अगं, तू जरा गप्प बस ना! सभा आहे का ही?”

मग तिनेच जीभ चावली. “सॉरी… म्हणजे तुम्ही…”

“असू दे. बसते गप्प.”

ताई खिडकीकडे तोंड करून बसली. मुलगी औषधं आणायला गेल्यावर बहिणीने हळूच विचारलं, “लागलं का गं तुला?”

“छे गं,” ताई म्हणाली. “उलट बरं वाटलं.” डोळे मात्र तिला पुसावे लागले.

घरी सोडलं त्या दिवशी टॅक्सीची मागची सीट बहिणीच्या पायाला लागली. मुलगी पुढे बसली. “मी येऊ मागून रिक्षाने?” ताईने विचारलं.

“नको, तुम्ही दमलात.” मग काच खाली करून मुलगी म्हणाली, “उद्यापासून घरी याल दुपारच्या? सांभाळायला बाई मिळेपर्यंत?”

बाई मिळाली. तरी ताई जात राहिली. कुणी ये म्हटलं नाही, कुणी नको म्हटलं नाही.

बहिणीच्या खोलीत भिंतभर मुलीचे फोटो होते. ताई त्यातल्या एकातही नव्हती. एका दुपारी चष्मा पुसून ती एका फोटोपाशी उभी राहिली. पुढचे दोन दात पडलेली मुलगी, गुडघ्याला पट्टी.

“हे काय झालं होतं?”

“सायकलवरून आपटली होती. रडली नाही, पण रात्रभर माझा हात सोडला नाही.” बहिणीने उशी सरकवून घेतली. “बस इथे. त्याच्या आधीचं सांगते.”

ताई पलंगाच्या कडेला बसली.