तिसऱ्या पिस्टनचा बाण

“मार सेल्फ,” रतन ओरडला. हल्ली तो ओरडूनच बोलायचा. स्वतःचा आवाज त्याला कुठे ऐकू येत होता!

तरुण मेकॅनिक सहदेवने चावी फिरवली आणि आठ दिवस सुटं पडलेलं गाडीचं इंजिन पहिल्याच फटक्यात जागं झालं. सहदेवने अंगठा दाखवला, एकदम मक्खन. शहाडच्या त्या गॅरेजची मालकीण दीप्तीही फोन ठेवून बाहेर आली.

रतनने चालू इंजिनावर तळहात टेकवला. एकतीस वर्षं तो इथेच, दीप्तीच्या वडिलांच्या, अण्णांच्या हाताखाली तयार झालेला. कान गेले दोन वर्षांत. गेल्या आठवड्यात मागे येणाऱ्या टेम्पोचा हॉर्न त्याला कळला नाही, थोडक्यात वाचला. तेव्हा दीप्ती जमिनीकडे बघत काहीतरी पुटपुटली होती. ओठांवरून त्याला एवढंच उमगलं, की हे इंजिन शेवटचं, मग घरी आराम. आराम कसला, डोंबल!

त्याने लांब स्क्रूड्रायव्हर उचलला. पूर्वी तो टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावायचा. आज त्याने मूठ दातांत धरली. सहदेव हसला. हसेना का! इंजिनाचा ठेका हाडांतून थेट डोक्यात शिरला. पहिला पिस्टन झकास: खाली येत हवा-पेट्रोल ओढायचं, वर जात दाबायचं, भडका उडाला की पुन्हा खाली, मग वर जात धूर बाहेर. दुसराही तसाच. तिसऱ्यापाशी मात्र दातांना बारीक टकटक लागली. चौथ्यापाशी नाही. पुन्हा तिसरा. टक, टक.

त्याला काय आनंद झाला म्हणून सांगू! सहदेवच्या धडधाकट कानांनी जे सोडलं, ते याच्या दातांनी पकडलं होतं. नाचायचाच बाकी होता गडी. आणि मग लक्षात आलं, की चारही पिस्टन त्यानेच बसवलेत. गप्प राहिला असता तर गाडी निघून गेली असती आणि महिनाभर कुणाला पत्ताही लागला नसता.

“खोल,” तो म्हणाला.

सहदेव वैतागला, दीप्तीने घड्याळ पाहिलं, पण इंजिन उघडलं. प्रत्येक पिस्टनच्या डोक्यावर एक बाण असतो, त्याचं तोंड इंजिनाच्या पुढच्या बाजूला हवं, नाहीतर पिस्टन टकटकतो. तिघांचं होतं. तिसऱ्याचं मागे.

दीप्तीने सहदेवकडे रागाने पाहिलं.

“त्याने नाय, मी बसवलेला,” रतन म्हणाला. “चूक माझी.”

संध्याकाळपर्यंत पिस्टन काढून सरळ बसवला. इंजिन सुरू झाल्यावर दीप्तीने स्वतःच स्क्रूड्रायव्हर घेतला, मूठ ओढणीला पुसली आणि तिसऱ्यापाशी दातांत धरली. तिचे डोळे मोठे झाले. रतन नुसता तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

ती त्याच्या समोर येऊन उभी राहिली. मान वर करून, एकेक शब्द दिसेल असा सावकाश बोलली, “काका, उद्या ठाकुर्लीची गाडी येतेय. लवकर या.”

त्याला पहिल्याच वेळी कळलं होतं. तरी हाताने खूण करून त्याने ते तिला पुन्हा एकदा बोलायला लावलं.