श्वासाची साक्ष देणारा काचघट

मित्रांनो, मी एक जुना दुमजली काचघट आहे. माझ्या काठाचा एक टवका उडाला आहे, अंगावर ओरखडे आहेत आणि शेजारी एक नवे, झळाळते यंत्र बसले आहे. तरीही तुमची कीव मागण्यासाठी मी बोलत नाही. माझ्यावर खोटेपणाचा आळ आला होता. तो मी कसा परतवला, ते ऐका.

माझा जन्म अंबरनाथच्या एका काचकाराच्या फुंकरीतून झाला. तापून मऊ झालेल्या काचेत त्याने आपला श्वास भरला आणि मला आकार आला. श्वासातून जन्मलेल्या मला दैवाने कामही श्वासाचेच दिले. मुरबाडच्या एका औषधी कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी आलो. तेथील खिडकीतून सिद्धगड दिसतो. ऊन, वारा, पाऊस सोसूनही जागा न सोडणाऱ्या त्या डोंगराला मी मनोमन गुरू मानले.

माझे काम समजायला अवघड नाही. दम्याचा रुग्ण औषधाची भुकटी श्वासाबरोबर ओढून घेतो. परंतु भुकटी छातीत पोहोचली एवढ्याने गुण येत नाही. तेथील किंचित ओलाव्यात ती विरघळावी लागते आणि पातळ पडद्यातून पलीकडे झिरपावी लागते. हीच वाट माझ्या देहात रचलेली आहे. माझ्या खालच्या मजल्यात शरीरातील द्रवासारखा द्रव भरतात आणि तो शरीराइतकाच कोमट ठेवतात. दोन मजल्यांमध्ये तलम पडदा बसवतात, त्यावर दवाइतका ओलावा देतात आणि भुकटी अलगद बसू देतात. मग माझ्या कुशीतील बारीक नळीतून थोडा थोडा द्रव काढून तपासतात. जेवढे औषध उतरले असेल तेवढेच मी सांगतो. पदरचे काही घालत नाही.

मला हाताळणारी हर्षाली शहापूरची. पडदा बसवला की ती मला हलकेच तिरपे करी आणि पडद्याखाली अडकलेला हवेचा बुडबुडा बाहेर काढी, कारण बुडबुडा राहिला तर औषधाची वाट अडते. काम झाले की भिमी मला धुई. ती टोकावड्याजवळच्या एका पाड्यावरची. तिला स्वतःलाच दमा होता. धुताना ती माझ्याशी बोले.

"काय रं काचोबा, आज कोनाची छाती तपासलीस? माझी कधी तपासशील?"

त्या दिवसांत माझा मान मोठा होता. पाहुणे आले की मला दाखवत. पुढे नवे यंत्र आले. त्याच्या पात्रात भरपूर पाणी, वर गरगर फिरणारे पाते. भुकटी टाकली की बघता बघता विरघळे. सर्वांचे डोळे तिकडे वळले आणि माझ्यावर धूळ बसू लागली. हर्षाली मात्र प्रत्येक माल माझ्याकडूनही तपासून घेई.

वैशाख आला. आमच्याकडे भाताची रोपे टाकण्याआधी त्या जागेवर पालापाचोळा, शेण आणि गवत पसरून जाळतात. त्याला राब भाजणे म्हणतात. गावोगावी राब पेटले, धूर खोऱ्यात साठला आणि भिमीचा दमा उसळला. त्याच सुमारास नव्या औषधाचा मोठा माल तयार झाला होता. तो आसपासच्या दवाखान्यांत जायचा होता. यंत्राने त्याला उत्तम ठरवले. मी म्हणालो, नाही. माझ्या पडद्यावर भुकटी तशीच बसून राहिली होती.

विभागाचे प्रमुख भगीरथ सर आले. माझ्याकडे पाहून हसले.

"हर्षाली, तुझा म्हातारा झोपा काढतोय. उद्या गाडी भरायची आहे. टाक याला फुटक्या काचांच्या पिंपात."

"सर, यंत्रात गंगाळभर पाणी घुसळतंय. छातीत एवढं पाणी असतं का?"

"यंत्राला सगळे मानतात."

"मानू देत. पण श्वास माणसाला घ्यायचाय."

सरांनी मला उचलले आणि पिंपाच्या काठावर आपटल्यासारखे टेकवले. माझ्या वरच्या काठाचा टवका उडाला. आत माझ्याआधी फुटलेल्यांचे तुकडे पडलेले दिसत होते. मित्रांनो, काचेला भय नसते असे समजू नका. पण त्या क्षणी भयाहून संताप मोठा होता. पुराणातील भगीरथाने पूर्वजांच्या उद्धारासाठी गंगा आणली. हे भगीरथ मात्र, जेथे केवळ दव असते तेथे गंगा आहे असे मानून निवाडा करीत होते!

भिमी दारात धुतलेली भांडी घेऊन उभी होती. तिला धाप लागली होती.

"सायेब, यो माल आमच्या दवाखान्यात पन येनार ना?"

"येणार की."

"मंग जरा दमानं घ्या. माझी छाती आताच शिट्टी वाजवते."

हर्षालीने मला पिंपावरून उचलून घेतले. "सर, याच औषधाचा हिवाळ्यातला चांगला ठरलेला नमुना कोरड्या डब्यात राखून ठेवलाय. तो याच्यात घालते. तोही उतरला नाही, तर मी माझ्या हाताने याला फोडते."

सर म्हणाले, "घाल. मी इथेच बसतो."

तिने टवका निरखला. तो पडद्याच्या बैठकीपासून दूर होता. तिने पडदा बसवला, मला तिरपे केले, बुडबुडा काढला. जुनी भुकटी त्या दवावर बसली, विरघळली आणि हिवाळ्यात उतरली होती तशीच माझ्या पोटात उतरली. नळीतून काढलेल्या द्रवाने तसे स्पष्ट सांगितले. नवी भुकटी पुन्हा घातली. ती पुन्हा अडून बसली.

सरांनी दोन्ही भुकट्यांचे आकडे शेजारी शेजारी मांडून पाहिले. मग म्हणाले, "म्हणजे म्हातारा ठीक आहे. मालच बिघडलाय. पण कशाने?"

त्यांनी कोठार सांभाळणाऱ्या नवसूला बोलावले. नवसू आला तो हात पुसतच.

"नवसू, कोठाराची हवा कोरडी आहे ना?"

"हाये की, साहेब. धूर पन येऊ दिला नाय मी. घरात पोरं खोकाया लागली, का आमी दारावर वली पोती टांगतो. तशीच हितं झरोक्यावर टांगली. सकाळ-संध्याकाळ पानी मारतो."

हर्षालीने कपाळाला हात लावला. "अरे दादा, ओलावा दाखवणारा काटा नाही पाहिलास?"

"त्यो... पोत्याच्या मागं ऱ्हायला, ताई."

भिमीला धापेतही हसू आवरेना. "अरं नवश्या, औसदाला काय खोकला व्हतो का?"

सारेच हसले. औषधाला धुरापासून वाचवण्याच्या मायेनेच औषध दमट झाले होते. बारीक कण एकमेकांना चिकटून जाड झाले होते. यंत्राच्या घुसळणीत ते लपून गेले. माझ्या दवावर त्यांना लपता आले नाही.

सर उठले. नवसूच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पोती काढ. आणि गाडी थांबवा. वर काय सांगायचं ते मी सांगतो." मग त्यांनी स्वतः मला ओट्यावर ठेवले, यंत्राच्या शेजारी.

माल नव्याने तयार झाला, कोरड्या हवेत राहिला आणि माझ्या पडद्यातून सुखाने उतरला. मगच गाडी हलली. पुढच्या वैशाखात राब पेटले, तेव्हा भिमी मला धूत होती. मध्येच थांबून तिने एक दीर्घ श्वास घेतला आणि कान देऊन ऐकला.

"काचोबा, शिट्टी नाय रं वाजत!"

मित्रांनो, मला देव्हाऱ्यात बसवू नका. मला स्वच्छ धुवा, माझा पडदा नीट बसवा, माझा बुडबुडा काढा. माझ्यावर संशय आला तर माझी परीक्षा घ्या, पुन्हा पुन्हा घ्या. मी तयार आहे. पण उत्तर आवडले नाही म्हणून साक्षीदाराला फोडू नका. फोडलेच, तर माझा प्रत्येक तुकडा तेच उत्तर देईल.